गोठ्यातून गेलेली रेघ

रविवार, १५ जून २०२५

आणि वर मलाच सांगतात, "काकू, म्हैस जरा बाजूला घ्या ना." गोठा माझा, म्हैस माझी, आणि बाजूला व्हायचं म्हशीनं! सकाळपासून एकतीस माणसं गोठ्यातून गेली. मी मोजली. पुढच्या दारानं आत, म्हशीच्या शेपटीमागून, शेणाच्या पाटीवरून टांग टाकून मागच्या कुडाच्या फटीतून बाहेर, आणि बाहेर पडलं की सरळ माझ्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, वाफ्यात. शेजारी चांगला दगडी बांध आहे. त्यावरून एक जाईल तर शपथ. एक चष्मेवाला वाफ्यात उभा राहून म्हणतो, "काकू, हे लॉन तुम्ही लावलं?" लॉन म्हणजे काय ते मी लेकीला, अश्विनीला, फोन करून विचारलं, आणि मग राग दुप्पट आला.

तो वाफा म्हणजे आमची वर्षाची भाकर. आत्ता रोप बोटभर आहे. जुलैत वीत-दीड वीत झालं की उपटायचं आणि वर कड्याखाली आमची पट्टी आहे तिथे नेऊन लावायचं. खाली नुसता वाफा, पीक सगळं वर. हे या बूटवाल्यांना कोण सांगणार? त्यांना गवळणीचा कडा बघायचा असतो. कडा हजारो वर्षं तिथेच आहे, कुठं पळून जाणार आहे का? पण नाही. पहाटे पुण्याहून निघायचं, भंडारदऱ्याला पोहे खायचे आणि नऊच्या आत बनुबाईच्या गोठ्यात हजर.

शुक्रवारी तलाठी भाऊसाहेबांना गाठलं होतं. ते म्हणाले, "मावशी, नुसतं भांडून काय होतं? कोण आलं, कधी आलं, तारखेनं लिहून ठेवा. पुरावा लागतो." म्हणून ही वही. पतसंस्थेनं वाटलेली डायरी आहे, दोन वर्षं जुनी. छापलेल्या तारखेवर काट मारून खरी तारीख लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. सरकारला कळल्याशी कारण.

शनिवार, २१ जून

आज मूळ सापडलं. हर्षल नावाचा पोरगा आला, पंचविशीचा, गळ्यात शिट्टी, मागे अठरा माणसं. मी दारातच धरला. "आत्ताच्या आत्ता सांग, तुमाला ह्यो गोठा कुनी दाखवला?"

त्यानं मोबाईल काढला. त्यात डोंगर, आणि डोंगरावर निळी रेघ. रेघ वाडीतून येते, पिंपळापासून वळते, आणि आमच्या अंगणात आल्यावर बांध सोडून गोठ्यात शिरते. आत एक गुंडाळी. मग बाहेर.

पोरगा लाल झाला. म्हणाला, "काकू, ती रेघ माझीच आहे. गेल्या वर्षी धो धो पाऊस होता, मी एकटा होतो. तुम्हीच हाताला धरून आत ओढलंत. अर्धा तास बसलो, तुम्ही चहा दिलात. फोनमध्ये चाललेली वाट आपोआप नोंदत होती, मी बंदच केली नाही. घरी गेल्यावर तशीच नेटवर टाकली. लोकांना वाटतं, रस्ता असाच आहे."

"मंग पूस."

"माझी पुसतो. पण लोकांनी उतरवून घेतलीय. अकरा हजार जणांनी."

अकरा हजार! मी म्हशीकडे बघितलं. तिला काय त्याचं, रवंथ चाललं होतं.

तो पाऊस मला आठवतो. पोरगा दातावर दात आपटत होता, ओठ जांभळे. मेला असता तर पंचनामा आमच्या दारात झाला असता. म्हणून चहा दिला, माया बिया काही नाही. आज जाताना त्याला भाकरी दिली. शिळी होती.

रविवार, २२ जून

चव्वेचाळीस. एका बाईनं गोठ्यात उभं राहून विचारलं, "मावशी, हिचं नाव काय?" मी म्हटलं, म्हशीला कसलं नाव. नाव सखू आहे, पण सगळ्या पुण्याला कशाला सांगू?

बुधवार, २५ जून

वाट बंद केली. करवंदीच्या काट्या तोडून अंगणाच्या तोंडापासून ओढ्यापर्यंत पसरल्या. मालकांनी काट्या तोडून दिल्या. आमच्या मालकांना दिवसाला दहा शब्द पुरतात. संध्याकाळी त्यातले तीन खर्च केले. "वाट अडवू नये."

मी म्हटलं, "तुमच्या आईनं अडवली न्हाई, कारन तिच्या गोठ्यातनं कुनाची रेघ जात नव्हती."

पुराव्यासाठी लिहून ठेवते. मी लग्न होऊन आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पहिल्या दिवसापासून या वाटेनं माणसं जाताना मी बघते. गुराखी, लाकूडवाल्या बाया, वरच्या देवाला जाणारे, आणि आता हे बूटवाले. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या आधीपासून जातात. म्हणजे किती वर्षांचा त्रास आहे हे सरकारनं बघावं.

शुक्रवार, २७ जून

हनुमंत आला. मालकांचा चुलतभाऊ. आमच्या वर पठारावर त्याची जमीन आहे. तिथे त्यानं सहा तंबू लावलेत, रंगीत, लांबून भोपळे पडल्यासारखे दिसतात. कड्याला जाणारी माणसं तिथे राहतात, त्याची बायको रंगुबाई त्यांना पिठलं-भाकरी घालते.

"वहिनी, काट्या माज्या पोटावर टाकल्यात तुमी."

"तुज्या पोटावर काय टाकलं तरी लागनार न्हाई, एवढं सुटलंय."

"चेष्टा ऱ्हाऊ द्या. आज दोन गाड्या परत गेल्या."

"माजा अर्धा वाफा गेला तवा कुठं हुतास?"

"बांधावरनं जा म्हनून सांगायचं लोकांना."

"मी सांगायचं? तुजं गिऱ्हाईक, तूच दारात उबा ऱ्हा हात करून."

"वाट काय तुमच्या एकट्याची हाय का?"

"अंगन माज्या एकटीचं हाय!"

गेला तणतणत. जाताना काट्यांवरून उडी मारायला गेला आणि धोतर अडकलं. मी हसले नाही. मालक हसले.

रविवार, २९ जून

कोणी आलं नाही. बरं वाटलं. चहा दोनदा जास्त झाला, तो आम्हीच प्यायलो. सखू सकाळभर दाराकडे बघत होती. सवय लागलेली असते जनावराला.

मंगळवार, १ जुलै

घात झाला. हनुमंतानं वर पठाराच्या तोंडाशी तार ओढली आणि लोखंडी गेट बसवलं. त्याला कुलूप, नारळाएवढं. आमच्या पट्टीला जायची वाट त्याच गेटातून आहे. गोठ्यामागून चढायचं, हनुमंताच्या पठारावरून शंभर पावलं, की आमची पट्टी. दुसरीकडून जायचं तर ओढा ओलांडून कड्याला वळसा. ओढा आता भरलाय. रिकाम्या हातानं दोन तास. डोक्यावर रोपाची पाटी घेऊन तर जमणारच नाही.

मी गेट हलवलं तर पलीकडे रंगुबाई भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "कुलूप त्यांनी लावलंय, मला इचारू नको."

"किल्ली कुटं हाय?"

"त्यांच्या कनवटीला. आंगुळीला जाताना बी काढत न्हाईत."

"असला कसला तुजा नवरा!"

"तुजा दीर हाय. माजं लगीन व्हायच्या आदी तुमच्याच घरचं पानी पिऊन मोटा झालाय."

वाटच अडवायची म्हणजे काय! पिढ्यान्‌पिढ्या लोक जातात त्या वाटेवर कोणी कुलूप लावतं का? मी उद्याच तहसीलला अर्ज देते.

शुक्रवार, ४ जुलै

अर्ज दिला, तालुक्याला अकोल्याला जाऊन. तिथे कळलं की हनुमंतानं माझ्यावर परवाच अर्ज दिलाय. दोन्ही अर्ज एकाच फायलीत लावलेत. कारकून म्हणाला, सोयीचं पडतं.

मालक ओढ्याकडून वर जाऊन पट्टी बघून आले. म्हणाले, पट्टी नांगरून तयार आहे, पाणी चांगलं मुरलंय. येताना घसरून पडले. गुडघा खरचटलाय. त्यावर हळद दाबली आणि सखूला वैरण टाकायला गेले. असला माणूस भांडायला काय उपयोगाचा.

शुक्रवार, ११ जुलै

आज रंगुबाईच्या भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, गेले.

हे इथे लिहिलं पाहिजे, नाहीतर सरकार म्हणेल भांडण खोटं आहे. आमच्या वाडीत लावणीला मजूर नसतात, सावड असते. नऊ बाया. आज सगळ्या हिच्या रानात, उद्या सगळ्या तिच्या. आपल्या पाळीला आठजणी आल्या तर आपण आठ रानांत जायचं. मग त्या घरचं तोंड बघायचं नसलं तरी जायचं. बोलायचं बंधन नाही. वाकायचं आहे. रंगुबाईची भाताची खाचरं खाली ओढ्याकाठी आहेत, म्हणून तिथे कुलूप-बिलूप काही नव्हतं.

मी आणि रंगुबाई बोलत नाही, म्हणून मधे कडूबाई. ती सावडीत सगळ्यांत मोठी.

रंगुबाई म्हणाली, "कडूबाई, हिला सांगा, रोप लई दाट लावती."

मी म्हटलं, "कडूबाई, तिला सांगा, मी तिच्यावानी एसटी चुकल्यासारखी लांब लांब पाय टाकत न्हाई."

"हिला सांगा, दाट लावल्यावर फुटवा येत न्हाई."

"तिला सांगा, तिच्या नवऱ्याला कमी जागंत लई फुटवा आलाय."

कडूबाई कंबर धरून सरळ झाली. "माजं वय सत्तर. मला एकच कान ऐकू येतो. तुमी दोगी एकाच बाजूला उब्या ऱ्हावा, मला मान फिरवून फिरवून घेरी यायला लागली."

मग आम्ही एका बाजूला उभ्या राहिलो. दुपारी रंगुबाईनं जेवण घातलं. आमटी चांगली होती. तिला सांगितलं नाही.

माझी पाळी पुढच्या शुक्रवारी, १८ तारखेला.

सोमवार, १४ जुलै

तहसीलचे सर्कल साहेब जागा बघायला आले. सोबत तलाठी भाऊसाहेब. हनुमंत इस्त्रीचा सदरा घालून हजर. साहेबांनी काट्या बघितल्या, कुलूप बघितलं, गोठ्यातून आत जाऊन मागून बाहेर आले, बूट झटकले. मग ओट्यावर बसले. मी ही वही पुढे ठेवली. म्हटलं, एक दिवस खोटा नाही.

साहेब वाचायला लागले. आधी कपाळाला आठ्या. मग मिशीवर हात. मग तोंड रुमालात.

"मावशी, हा तुमचा पुरावा?"

"व्हय. मानसं मोजून लिवल्यात."

"तुम्ही लिहिलंय की लग्न होऊन आल्यापासून लोक या वाटेनं जातात. सासूबाईंच्याही आधीपासून जातात."

"मंग? केवडा तरास बघा."

"मावशी, कायद्यात याला त्रास म्हणत नाहीत, वहिवाट म्हणतात. हनुमंतरावांनी वकील लावला असता तरी इतका चांगला कागद मिळाला नसता."

हनुमंत मांडीवर थाप मारून हसला. "वहिनी, झेरॉक्स काडू का?"

"तुम्ही कशाला हसता?" साहेब त्याच्याकडे वळले. "वाट एकच आहे. खाली जुनी, तर वरही जुनीच. या वहीनं काट्या निघतील, आणि याच वहीनं तुमचं कुलूपही निघेल."

हनुमंताचा मांडीवरचा हात खाली आला. तेवढं एक बरं झालं.

मी विचारलं, निकाल कधी. साहेब म्हणाले, नोटिसा, दोघांचं म्हणणं, सुनावणी, दोन-तीन महिने धरा.

"तवर नागली तारीख घेऊन थांबती व्हय?"

"म्हणून म्हणतो, आपसात मिटवा. वही देता का फायलीला?"

मी वही उचलून पदराखाली घेतली. म्हटलं, पुरी व्हायची आहे अजून.

तलाठी भाऊसाहेबांवर राग काढता येत नाही. त्यांनी लिहा म्हटलं होतं, काय लिहा ते सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, १८ जुलै

सकाळी सात वाजता नऊ बाया जमल्या. दोन पाट्या रोप उपटून जुड्या बांधल्या. मला वाटलं होतं, सावड दारात आली की हनुमंत गेट उघडेल. सावडीला कोणी अडवत नाही, आमच्या सात पिढ्यांत अडवलेलं नाही.

गेटाशी गेलो तर कुलूप तसंच. हनुमंत पलीकडे तंबूच्या तोंडाशी खुर्चीवर. सगळ्यांत पुढे रंगुबाई उभी, डोक्यावर माझ्या रोपाची पाटी, आणि समोर तिच्याच घरचं गेट.

हनुमंत म्हणाला, "रंगे, तू हिकडं ये."

"आज मी तुमची बायको न्हाई, हिची गडी हाय. किल्ली टाका."

"खालच्या काट्या निघू देत."

"त्ये तिला सांगा. माजी मान दुखाया लागली."

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मालकही. मी म्हटलं, "आदी किल्ली."

"आदी काट्या," हनुमंत.

"आदी किल्ली!"

कडूबाईनं पाटी खाली ठेवली आणि गेटाच्या दोन्ही बाजूंना एकेकदा बघितलं. "दोगं बी एकाच म्हाताऱ्याचा नातू आन नातसून शोबता. त्यानं बी रुसून म्हैनाभर हजामत केली न्हवती. बायांनो, चला. सावडीचा दिस रिकामा जाऊ देत न्हाईत. माज्या रानात चला."

आणि गेल्या! मीही गेले, पाळी तिची झाली तर मला जावंच लागतं. माझ्या रोपाच्या दिवशी मी कडूबाईची नागली लावली. जेवण मात्र माझ्याकडे केलेलं होतं, नऊ जणींचं, ते सगळ्यांनी खाल्लं. रंगुबाईनंही. हनुमंतानं म्हणे स्वतः मॅगी केली, आणि ती खाली लागली.

उपटलेल्या दोन पाट्या फुकट जाणार. बाकी रोप वाफ्यात आहे, पण दीड वीत होऊन गेलंय. आणखी आठवडाभरानं त्याला पेर धरेल. मग लावलं काय आणि सखूला घातलं काय, सारखंच. कडूबाई म्हणाली, सावडीला एकच दिवस मोकळा आहे, पुढचा शुक्रवार. त्याच्यापुढे ज्याचं त्याचं सुरू.

मालक जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "माजं तुज्याशी भांडन न्हाई." चार शब्द. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

रविवार, २० जुलै

हर्षल आला. एकटाच. काट्यांच्या पलीकडून हाक मारली, "काकू, येऊ का?"

"काट्या दिसत न्हाईत का?"

"दिसतात. म्हणून विचारतोय."

आतापर्यंत या वहीत नव्वदच्या वर माणसं लिहिली. विचारून आलेला हा पहिला. मी एक फांदी बाजूला केली. म्हणाला, "काकू, जुन्या रेघा मला पुसता येणार नाहीत. पण नवी बरोबर काढली आणि खाली लिहिलं की जुनी चुकीची आहे, तर लोक नवी घेतील. तुम्ही सांगा कुठून काढू."

मी सांगितलं. सांगून त्याला कळेना. शहरातल्याला बांध आणि उतारावर रचलेली ताल यातला फरक कळत नाही. शेवटी मीच पुढे चालले, तो फोन धरून मागे. अंगणाच्या कडेनं, बांधावरून, वाफा डाव्या हाताला ठेवून, जांभळीखालून वर गेटापर्यंत. मधे मी थांबले की म्हणायचा, "काकू, थांबू नका, तिथे गुंडाळी होते." मी आयुष्यात इतकी सरळ चालले नाही.

गेटापाशी रंगुबाई दिसली. म्हणाली, "काट्या काढल्या का काय?"

"काट्या हायेत तिथंच हायेत. रेघ काडली फक्त."

"मंग रेघ हितवर कशाला आनली?"

मी परत फिरले. काही लोकांना नको तिथे लक्ष असतं.

हर्षलनं नवी रेघ दाखवली. गोठ्याला हातभर बाजूनं जाते. खाली त्यानं लिहिलंय की गोठा खाजगी आहे, वाफा तुडवू नका, आणि मावशींना विचारून पुढे जा. मी म्हटलं, हेही लिही की म्हशीला नाव विचारू नका. ते लिहिलं नाही बहुतेक, हसत होता.

सोमवार, २१ जुलै

ही चिठ्ठी आधी वहीत लिहिली, मग कागदावर उतरवली. रंगुबाई दुपारी ताक न्यायला आली तेव्हा तिच्या हाती दिली. ती म्हणाली, तोंडानं सांग की, शंभर पावलांवर तर आहे. मी म्हटलं, तोंडानं सांगितलं तर आदी-आदी करत दोघं तिथंच बसू.

हनुमंता,

काट्या आधी की कुलूप आधी, यावर आपण दोघं म्हातारे होऊ. नागली थांबायची नाही. म्हणून असं कर. शुक्रवारी, २५ तारखेला, सकाळी सात वाजता मी खालच्या काट्या ओढते आणि त्याच वेळी तू वरचं कुलूप काढ. जांभळीखाली कडूबाई उभी राहील, तिथून तिला दोन्ही दिसतं. ती हात वर करेल तेव्हा दोघांनी. तुझ्या आधी मी नाही, माझ्या आधी तू नाही.

तुझी माणसं बांधावरून येतील. नवी रेघ मी स्वतः चालून दिली आहे. एकही माणूस गोठ्यात दिसला तर सखूला आणून तुझ्या मोठ्या तंबूत बांधीन, आणि ती कुठे बसायचं ते विचारत नाही.

सर्कल साहेबांना दोघांनी जाऊन सांगू, मिटलं म्हणून. गाडीत मी पुढे बसणार.

गुरुवारी मला रोप उपटायचं आहे. उपटलेलं रोप परत वाफ्यात जात नाही, हे तुला सांगायला नको, तुझी नागलीही आमच्याच आजेसासऱ्याच्या बियाण्याची आहे. म्हणून उत्तर मला बुधवारी, २३ तारखेला, दुपारी बाराच्या आत पाहिजे. हो किंवा नाही. रंगूच्या हाती निरोप पाठवू नकोस, तिची मान आधीच दुखते. स्वतः ये, बांधावरून ये, आणि दारात उभा राहून सांग. "बघू" म्हणालास तर ते उत्तर धरलं जाणार नाही.

बनुबाई